बेचाळीस दप्तरं

"…मग एवढंच सांगा, गुरुजी. नववीच्या पोरांना राज्यघटना शिकवून तुम्ही मिळवलंत काय?"

मेंढे गुरुजी अंगणात बाज विणत होते. त्यांनी मान वर केली नाही. सुतळीचं एक टोक तेवढं पुढं केलं.

"धर. ताणून धर."

विलास गुल्हाने यांनी ते टोक धरलं. ते मांडवधऱ्याच्या शाळेचे मुख्याध्यापक. वय छत्तीस. त्याच शाळेत, याच गुरुजींच्या हाताखाली ते शिकले होते. गुरुजी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. तरी दर शनिवारी शाळेत जाऊन ते नववीचा एक तास घेत. पोरं त्याला 'घटनेचा तास' म्हणत.

"यांना मत द्यायचा अधिकार नाही. यांना कोर्टात उभं राहायचं नाही. निम्मा वर्ग गणितात नापास आहे. आणि तुम्ही त्यांना हक्क शिकवता!"

"हं."

"तो तास आजपासून बंद. तेच सांगायला आलोय."

गुरुजींचे हात थांबले.

"काय झालं?"

"बंड झालं."

गुरुजींनी आता वर पाहिलं. सदुसष्ट वर्षांच्या त्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं.

"बंड? सांग. पहिल्यापासून सांग."

विलास सरांनी सांगितलं. बुधवारी प्रयोगशाळेतला टॅब नाहीसा झाला. शाळेला मिळालेला एकुलता एक. त्या दिवशी प्रयोगशाळेत शेवटचा तास नववीचा होता. सरांनी वर्गात जाऊन झुंबर पवारचं दप्तर उघडलं. झुंबर गावाबाहेरच्या पारधी बेड्यावरची. त्या वस्तीवरून नववीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी.

"टॅब मिळाला?"

"नाही."

"मग?"

"मधल्या सुट्टीत घरी पोचवला असेल, असं वाटलं. काल शाळा सोडल्याचा दाखला तिच्या हातात दिला."

गुरुजींच्या हातातून सुतळी सुटली. विणलेल्या दोन ओळी सैल पडल्या.



"आणि आज?" गुरुजींनी विचारलं.

"आज सकाळी आचल मेश्राम ऑफिसात आली. दारात उभी राहून परवानगी घेतली. म्हणाली, सर, वर्गात बेचाळीस दप्तरं आहेत. तुम्ही किती उघडलीत?"

"तू काय म्हणालास?"

"एक."

"मग?"

"म्हणाली, तेच एक का?"

"तू काय म्हणालास?"

विलास सर हातातल्या सुतळीचा पीळ उलगडू लागले.

"अरे, काय म्हणालास?"

"म्हटलं, वर्गात जाऊन बस."

"गेली?"

"गेली. आणि पाच मिनिटांत अख्खा वर्ग बाहेर! व्हरांड्यात ओळीनं बसलेत. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. प्रत्येकानं आपलं दप्तर उघडून पुढ्यात ठेवलंय. म्हणतात, आमचीही तपासा, मगच आम्ही वर्गात जाऊ."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. एक्केचाळीस."

गुरुजी ताडकन उठले. टोपी शोधली, ती डोक्यावरच होती. चपलेत पाय घातला, तोही उलटा.

"एक्केचाळीस! अरे, एक्केचाळीस म्हणतोस आणि इथं काय उभा राहिलास? चल!"

"गुरुजी, ही आनंदाची गोष्ट नाही."

"चल आधी!"

मोटारसायकल अंगणाबाहेर उभी होती, पण गुरुजी कधीच रस्त्याला लागले होते. विलास सरांना मागोमाग पायीच निघावं लागलं.

"कलम सांगत होती का रे आचल?"

"चौदावं. कायद्यापुढं सगळे समान. आणि पंधरावं. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान… न अडखळता."

"न अडखळता!"

"पाठांतर आहे, गुरुजी. मीही म्हणून दाखवीन. तुमच्या नागरिकशास्त्रात तालुक्यात सगळ्यात जास्त मार्क मला होते."

"होते खरे. तुला मार्क मिळाले."

"आणि यांना?"

गुरुजी आणखी भरभर चालू लागले.

शाळेच्या व्हरांड्यात पोरं बसली होती. पुढ्यात उघडी दप्तरं. कुणाच्या दप्तरातून भाकरीचं फडकं, मोडका कंपास, गोट्या, कुणाच्या दप्तरातून आरसा आणि लाल रिबिन. एका पोरानं वहीत लपवलेला नटीचा फोटोही समोर काढून ठेवला होता आणि तो कानापर्यंत लाल झाला होता. मुलींनी चारचौघांत झाकून ठेवायच्या वस्तूही झाकल्या नव्हत्या.

ओळीत मधेच एक जागा रिकामी होती. झुंबरची.

गुरुजी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले.

"विलास," ते मोठ्यानं म्हणाले, "झुंबरची हमी मी घेतो. ती पोर चोरी करणार नाही. माझा शब्द."

पोरांमध्ये एक आनंदाची लाट उसळली. तेवढ्यात आचल उभी राहिली. दोन वेण्या, अंगानं किरकोळ, ओठ कोरडे पडलेले.

"गुरुजी…"

"बोल, बेटा."

"तुम्ही झुंबरला विचारलंत?"

गुरुजी थबकले.

"नाही."

"सरांनी न विचारता तिला चोर ठरवलं. तुम्ही न विचारता साव ठरवताय. तिला कुणीच विचारलं नाही, गुरुजी. बुधवारपासून कुणीच नाही."



"पाहिलंत?" विलास सर म्हणाले. "तुम्हालाही सोडत नाहीत!"

गुरुजींनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

आचलसमोर. एक्केचाळीस पोरांसमोर.

"चुकलो, बाई," ते म्हणाले. आणि कान धरूनच मोठ्यानं हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मग ते ओळीच्या शेवटी पोरांशेजारी मांडी घालून बसले, आणि खांद्यावरची पिशवी काढून उघडून पुढ्यात ठेवली. आत चष्म्याचं घर आणि एक अडकित्ता होता.

विलास सर बघत राहिले. शाळेत असताना या माणसापुढं त्यांनी कितीदा कान धरले होते. त्याला कान धरताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पोरं आता विलास सरांकडं बघत होती.

"मी…" विलास सर म्हणाले. "मी आलोच."

ते गुरुजींच्या घराकडं चालत गेले, मोटारसायकल काढली आणि थेट बेड्यावर गेले.

अर्ध्या तासानं गाडी फाटकातून आत आली. सरांच्या मागं झुंबर, तिच्या मागं तिची आई. आईच्या मुठीत घडी घातलेला दाखला होता.

पोरं उठून उभी राहिली. कुणीतरी टाळी वाजवली, आचलनं त्याचा हात धरला.

"मास्तर," झुंबरची आई म्हणाली, "जे पुसायचं ते इथंच पुसा. सर्व्यांसमोर."

विलास सरांनी घसा साफ केला.

"झुंबर… टॅब तू घेतलास?"

"नाही, सर."

"शेवटचा कुठं पाहिलास?"

"खिडकीजवळच्या कपाटावर. भिंतीला टेकून उभा ठेवला होता." ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "सर, त्या कपाटामागं फट आहे. जुलैत माझी पट्टी तिथं पडली होती. मी सांगितलं होतं, पण आत पाली आहेत म्हणून कुणी हात घालत नाही. बुधवारी तुम्ही दप्तर उघडलं तेव्हा मी सांगणार होते…"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, तोंड उघडू नको."

सर प्रयोगशाळेकडं वळले.

पण पोरं कधीच धावली होती! प्रयोगशाळेच्या दारात चेंगराचेंगर झाली. चौघांनी कपाट धरलं, "हं, एक… दोन…" असं ओरडत ओढलं. बाटल्या खणखणल्या. एक पाल सुळकन निघाली, पोरी किंचाळल्या, पोरं त्यांच्याहून मोठ्यानं किंचाळली. आणि मग आतून आवाज आला,

"आहे! आहे! सर, आहे!"

धुळीनं माखलेला टॅब हातोहात बाहेर आला. पाठोपाठ झुंबरची पट्टी आली. मग जो गलका झाला तो पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेला असेल. पोरं नाचत होती. इतका वेळ ताठ उभी राहिलेली आचल खांबाला टेकून ढसाढसा रडू लागली, आणि झुंबरच तिची समजूत घालू लागली.

झुंबरची आई मात्र जागची हलली नाही. गलका थोडा ओसरल्यावर तिनं मूठ उघडली.

"हा कागद वापस घ्या, मास्तर."

विलास सरांनी दाखला दोन्ही हातांनी घेतला. मग ते पोरांकडं वळले.

"झुंबर, माझं चुकलं. सगळ्यांच्या समोर चुकलं, म्हणून सगळ्यांच्या समोर सांगतो."

झुंबरनं मान हलवली. 'असू द्या' म्हणाली नाही.

ती ओळीतल्या आपल्या जागेवर गेली, आणि आपलं दप्तर उघडून तिनंही पुढ्यात ठेवलं.

दुपारी गुरुजी घरी निघाले, तेव्हा विलास सर फाटकापर्यंत सोबत आले. त्यांचा चेहरा उजळला होता. हातवारे करत, भराभरा बोलत होते.

"कळलं, गुरुजी! आज कळलं. तास बंद नाही. नववीलाच काय, आठवीला घ्या, दहावीला घ्या! या शनिवारपासून मीही मागच्या बाकावर येऊन बसतो. निर्दोष पोरीवर केवढा अन्याय होत होता माझ्या हातून! पोरं शिकली होती म्हणून वाचलो. नशीब, टॅब सापडला!"

गुरुजी थांबले.



"आणि नसता सापडला तर, विलास?"