गाण्यातली रिकामी जागा

एका गावात एक मोटकरी राहत होता. बैलांच्या जोरावर विहिरीतून चामड्याची मोट ओढायची आणि मळा भिजवायचा, हे त्याचं रोजचं काम. बैलांची नावं पाखऱ्या आणि चांद्या. मोट हाकताना तो जे गाणं म्हणायचा, ते त्याचा बाप म्हणायचा आणि बापाचा बापही.

गाणं साधंच होतं. "वर ये गं पाणी, मळा वाट पाहतो" असं तो म्हणू लागला, की बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, खाली जायचे. मग तो मधेच गप्प व्हायचा. चांगला दमभर गप्प. त्यानंतर "मागं सर राजा, तहान अजून भागंना" म्हणाला, की बैल उलट्या पावली वर यायचे.

त्याच्या घरी नवी सून आली. ती नदीकाठच्या गावची, तिनं मोट कधी पाहिलीच नव्हती. शिवाय तिला "असं का?" विचारायची भारी खोड.

"मामंजी, तुम्ही मधेच गप्प का होता?"

मोटकऱ्यानं डोकं खाजवलं. "माझा बाप व्हायचा, म्हणून मी होतो."

"आणि ते का व्हायचे?"

"आता ते गेले वर. विचारू कुणाला?"

सुनेचं काही समाधान झालं नाही.

त्या वर्षी जत्रेत एका गवयानं हेच गाणं म्हटलं. वाटेनं जाताना त्याच्या कानावर पडलं होतं. त्यानं चाल चांगली पळती केली, ढोलकी आणि झांजा आणल्या. आणि ती गप्प राहायची जागा? तिथं तर झांजांचा असा दणका उडवला, की लोक नाचायला लागले. पंचक्रोशीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच गाणं. गंमत म्हणजे लोक मोटकऱ्यालाच शिकवू लागले. "अरे, तू चुकतोस. असं रेंगाळत नाही म्हणायचं. आणि मधे विसरल्यासारखा थांबतोस काय?"

बिचाऱ्याला लाज वाटली. आपल्याच गाण्याची माणसाला लाज वाटावी, हे काही बरं नाही. पण वाटली खरी. दुसऱ्या दिवसापासून तो जत्रेतल्या चालीवर गाऊ लागला आणि मधल्या जागी तोंडानंच "झिंग झिंग झिंग" करू लागला.

बैल गोंधळले. काही दिवस त्यांनी कान हलवत निभावून नेलं. मग एका सकाळी त्या झिंग झिंगच्या नादात ते उताराच्या टोकाशी थांबलेच नाहीत, तसेच पुढे धावले. मोट विहिरीवरच्या चाकात अडकली, तिचा जाड दोर, म्हणजे नाडा, ताडकन तुटला आणि मोट विहिरीत पडून फाटली.

मोट शिवून येईपर्यंत मळ्यातल्या वांग्यांनी माना टाकल्या. सगळं घर त्या मळ्यावर जगत होतं. मोट आली, नवा नाडा आला, पण बैल काही धावेवर पाय ठेवीनात. मोटकरी जुनं गाणं म्हणायला गेला, तर तोंडातून झिंग झिंगच येई. जुनी चाल पार हरवली होती. तो मटकन खाली बसला.

"गाणं गेलं गं पोरी. आता मळाही जाणार." बोलता बोलता त्याला रडू आलं.

सून मघापासून बैलांच्या पायांकडे बघत होती. ती म्हणाली, "मामंजी, विसरलात तुम्ही. बैल कशावरून विसरले असतील? कासरा ढिला सोडा. त्यांना त्यांच्या मनानं चालू द्या आणि तुम्ही त्यांच्या पावलांमागून गा."

मोटकऱ्यानं कासरा सैल केला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पाखऱ्यानं एक पाय टाकला. त्याच्यामागून चांद्यानं. दोघं संथपणे डुलत निघाले, आणि त्या पावलांवर गाण्याचा एकेक शब्द परत येऊन बसू लागला. उताराच्या टोकाशी बैल आपसूक उभे राहिले. मोटकरीही नकळत गप्प झाला.

तेवढ्यात वर विहिरीच्या काठावर मोटेतलं पाणी धबाधबा थारोळ्यात, म्हणजे मोट रिकामी होते त्या दगडी कुंडात, कोसळलं.

सून टाळ्या पिटत ओरडली, "मामंजी, ही जागा रिकामी नाहीच मुळी! इथं पाणी गातंय!"

म्हातारा हसलाही आणि रडलाही. त्या दिवशी मळा पोटभर पाणी प्याला.

पुढे एकदा तो गवई त्याच वाटेनं चालला होता. सुनेनं त्याला बोलावून थारोळ्यापाशी बसवलं. "दादा, एकदा इथं बसून ऐका." शेवटच्या वाफ्यात पाणी जाईपर्यंत तो ऐकत राहिला. उठताना म्हणाला, "मी झांजा कुठं बडवल्या हो!"

पुढच्या जत्रेत त्यानं गाणं संथ चालीत म्हटलं आणि मधे थांबला. झांजा मांडीवरच राहिल्या. लोक चुळबुळले. "विसरला बहुतेक," कुणीतरी म्हणालं. पण मागं एक आजीबाई बसल्या होत्या. त्या मोटेच्या मळ्यात वाढलेल्या आणि लग्नानंतर शहरात राहायला गेलेल्या. त्यांनी डोळे मिटले आणि हळूच म्हणाल्या, "पडलं बाई पाणी."

तात्पर्य: जुनं गाणं संथ वाटलं, तर त्याला पळवण्याआधी ते कुणाच्या पावलांबरोबर चालत आलं, हे विचारावं.