डोहाने भागूबाईला घेतलं नाही

भागूबाई भिंगारदिवे एकदा डोहात बुडवून वर काढली, की खालच्या देवळाच्या आमोस मास्तरांचा तीन बाजूंनी लाभ होता. एक तर वरच्या देवळातलं जुनं माणूस फुटून खालच्या देवळात आलं, असं मिशनच्या साहेबांना कळवता येणार होतं. शिवाय भागूबाईच्या मागोमाग तिच्या भावकीतली सहा घरं येणार होती, कारण म्हातारीचा शब्द त्या घरांत चालत असे. आणि सहा घरं आली, की मास्तरांच्या नावामागे 'पाळक' लागणार होतं. तारण व्हायचं होतं भागूबाईचं, पण लगबग सगळी मास्तरांची!

भाविकहो, ही हकिकत प्रवरेच्या काठच्या आंबेसोंड गावची. त्या वर्षी लाजरसमहाराज तिथे मुक्कामाला होते. खांद्यावर घोंगडी, हातात एकतारी, मुखी ख्रिस्ताचं नाम. महाराज गावोगाव कीर्तन करीत आणि जो भाकरी देईल त्याच्या ओट्यावर झोपत. आंबेसोंडला ख्रिस्ती घरं साठ आणि देवळं दोन. वरच्या देवळात तान्ह्या मुलाच्याही कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा होई. खालच्या देवळात जाणत्या माणसाला नदीच्या डोहात बुडवून होई. गावाने एकांना शिंपडे आणि दुसऱ्यांना बुडवे अशी नावं ठेवली होती. दोघंही एकाच विहिरीचं पाणी पीत, आणि दुसऱ्याचा बाप्तिस्मा खरा नाही, म्हणून त्याला तारण नाही, असं एकमेकांच्या तोंडावर सांगत.

कुणी विचारी, "महाराज, तुम्ही शिंपडे का बुडवे?"

महाराज म्हणत, "बाबा, मी तहानेला."

या उत्तराने दोन्ही देवळं सारखीच नाराज होत. खूश होई तो एकटा बन्यामीन कंपाउंडर. हा गडी जन्मला शिंपड्यांत, तरुणपणी बुडाला बुडव्यांत, आणि चाळिशीला दोन्ही सोडून सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसून देव नाही म्हणू लागला. "आमच्याकडे औषध संपलं की आम्ही रंगीत पाणी देतो," तो म्हणे. "देवळांत तर रंगही घालत नाहीत!"

आता भागूबाईचं दुखणं ऐका. तिचा नवरा कोंडीबा आणि ती, दोघांनी एकाच दिवशी वरच्या देवळात शिंपडून घेतलं होतं. कोंडीबा पुढे त्याच देवळाच्या आवारात मातीआड झाला. लेक गेनू त्या वेळी पलटणीत होता, म्हणून त्याच्या कपाळाला पाणी लागलंच नव्हतं. तो छाती पोखरून घेऊन परत आला, खालच्या देवळात जाऊ लागला आणि डोहात बाप्तिस्मा घेऊन वर्षाच्या आत गेला. जाताना म्हणाला, "आई, तूही त्याच डोहातून ये गं. वर गेल्यावर चुकामूक नको."

म्हातारीच्या जिवाला घोर लागला. वरचे म्हणत, गेनू पाखंड्यांच्या हाती पडला, त्याचं काही खरं नाही. खालचे म्हणत, कोंडीबा जळतो आहे. तिला स्वतःच्या तारणाची फिकीर नव्हती. नवरा आणि लेक एका जागी आहेत का, आणि तिला तिथे जाता येईल का, एवढंच तिला हवं होतं.

ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी तिला साक्ष शिकवली. बाप्तिस्म्याआधी चारचौघांत तीन वाक्यं म्हणायची. मी पापी आहे. येशू माझा तारणारा आहे. माझा पहिला बाप्तिस्मा व्यर्थ होता आणि त्यात जे मेले ते नाश पावले.

पहिली दोन भागूबाईने तिथेच म्हणून दाखवली. तिसऱ्याला तिचे ओठ मिटले.

"मास्तर, त्यात आमचे धनी येतात."

"येणारच की! कपाळावर चार थेंब पडले कोंडीबाच्या. तेवढ्यात मिरचीचं रोप जगत नाही, भागूबाई, आणि तू माणूस स्वर्गात न्यायला निघालीस?"

ओट्यावरची माणसं हसली. म्हातारी पदर सावरून उठली आणि थेट महाराजांकडे आली.

"महाराज, खरं सांगा. आमचे धनी कुठे आहेत?"

महाराजांनी एकतारीची खुंटी पिळली. मग महाराज म्हणाले, "माय, मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असं जे म्हणतात, त्यांनाही नाही."

"मग मी डोहात जाऊ का नको?"

"लेकाने बोलावलंय तर जा. पण जे तुला खोटं वाटतं ते तोंडातून काढू नकोस. बाकीचं देव बघेल."

फाल्गुनातला रविवार ठरला. सकाळची उपासना आटोपून चाळीस-पन्नास माणसं नदीवर आली. शिंपडे एका अंगाला, बुडवे दुसऱ्या. बन्यामीन उंबराच्या बुंध्याशी टेकून उभा. मास्तर पांढरा अंगरखा घालून डोहात उतरले तेव्हा पाणी त्यांच्या छातीला लागत होतं. भागूबाईने काठावर दोन वाक्यं खणखणीत म्हटली.

"तिसरं?" मास्तर म्हणाले.

"ते मला येत नाही मास्तर."

मास्तर घोटाळले. विधी झाला असं पत्र साहेबांना आदल्या दिवशीच गेलं होतं. ते म्हणाले, "बरं, ये आत. बुडून वर आलीस की आपोआप येईल."

भागूबाईने पाण्यात पाय घातला, आणि पाणी मागे सरलं!

आधी कुणाला कळलंच नाही. ती आणखी दोन पावलं आत गेली. मास्तरांच्या छातीपर्यंतचं पाणी तिच्या भोवती घोट्याच्या वर येईना. तिच्या पायाखाली ओली वाळू आणि शिंपले, आणि हातभर अंतरावर डोह जसाच्या तसा, तुडुंब. मास्तरांनी तिचा दंड धरून धुण्याच्या दगडापाशी नेलं. तिथे पाणी ओसरलं. करंजाच्या मुळाशी नेलं. तिथेही ओसरलं. मास्तर तिची मान दाबून वाकवत होते आणि म्हातारीचं कपाळ उघड्या वाळूला लागत होतं.

काठावर महाराज डोळे मिटून एकतारी छेडत होते. त्यांच्या गालांवरून आसवं वाहत होती.

"मास्तर," बन्यामीन ओरडला, "बादली आणू का?"

लोक हसले आणि मास्तरांचं डोकं फिरलं. "चल पुढे!" म्हणून त्यांनी म्हातारीला डोहाच्या पोटाकडे ओढलं. ती कळवळून म्हणाली, "मास्तर, तिथे कपार आहे, खोल आहे." त्यांनी ऐकलं नाही. चिखलात पाय निसटला, हातातला दंड सुटला आणि मास्तर दिसेनासे झाले. जन्मभर लोकांना बुडवणाऱ्या या माणसाला पोहता येत नव्हतं. एकदा हात वर आला, एकदा टाळू दिसली.

शिंपडे थिजले, बुडवेही थिजले. कुणी पाण्यात उतरेना.

"भागूबाई!" बन्यामीन तिथेही चुकला नाही. "आधी त्याची साक्ष घे, मगच काढ!"

पण भागूबाई चालू लागली होती. कपारीच्या उतारावरून, ओल्या दगडांना धरून, ती जशी पावलं टाकी तसं पाणी दोन्ही बाजूंना होई. तळाशी पोचली तेव्हा आमोस मास्तर तिच्या पायांशी वाळूत पडले होते, तोंडातून पाणी ओकत, आणि जेमतेम वीतभर पाणी त्यांच्या कानाशी हेलकावत होतं. धन्य ती माउली! तिने त्यांना काही विचारलं नाही. काखेत हात घालून ओढत काठावर आणलं. तिचा पाय बाहेर पडला मात्र, डोह मागे भरून आला.

मास्तर तिच्या पायांवर पडले. महाराजांच्याही पायांवर पडले. सगळ्यांसमक्ष रडले.

महाराज म्हणाले, "माय, तुला तुझं उत्तर मिळालं. याच डोहाने तुझ्या लेकाला घेतलं, कारण त्याला पाणी लागलं नव्हतं. तुला घेतलं नाही, कारण तुला लागलेलं पोचलं आहे. तुझं पोचलं, तर तुझ्याबरोबर उभा होता त्याचंही पोचलं."

भागूबाई मटकन खाली बसली. "म्हणजे दोघं एका जागी," ती म्हणाली, आणि नवरा गेला तेव्हाही रडली नसेल इतकी रडली.

भाविकहो, इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण आठवड्याने बोभाटा ऐकून साहेब आले, कडुनिंबाखाली चौकशी बसली, आणि मास्तरांकडे लेखी जबाब मागितला. मास्तरांनी सारा हिशेब पुन्हा मांडून पाहिला. खरं लिहावं तर डोहाने शिंपड्यांचा बाप्तिस्मा मान्य केला असं होत होतं. मग सहा घरं कुठली, आणि पाळकपण कुठलं! त्यांनी लिहिलं की, त्या दिवशी नदीला पाणी उथळ होतं, आपला तोल गेला, आणि बाईने साक्ष द्यायचं नाकारल्यामुळे विधी झाला नाही.

ज्यांनी पाहिलं होतं त्यांतले बुडवे म्हणाले, आमचे डोळे मिटलेले होते, प्रार्थना चालू होती. शिंपडे म्हणाले, आम्ही लांब होतो. खरं सांगायला उठला तो बन्यामीन.

"मी देव मानत नाही," तो म्हणाला. "पण पाणी सरकलं. दुसऱ्या दिवशी मी बांबू घालून बघितला, डोह पुरुषभर खोल आहे. कसं सरकलं ते मला ठाऊक नाही, आणि त्यामुळे मला आठ दिवस झोप नाही. सरकलं ते मात्र खरं."

साहेब म्हणाले, "नास्तिकाची साक्ष मंडळीत चालत नाही."

निकाल लागला. भागूबाई बुडाली नाही, म्हणून खालच्या देवळात तिला प्रभुभोजन नाही. ती बुडायला गेली होती, म्हणून वरच्यांनीही तिचं नाव खोडलं. खोटा चमत्कार पसरवला म्हणून महाराजांना दोन्ही देवळांत कीर्तनाला बंदी झाली. जबाब साहेबांना पटला, आणि आमोस मास्तर पावसाळ्याआधी पाळक झाले.

तेव्हापासून भागूबाई एक रविवार वरच्या देवळाच्या पायरीवर बसे आणि एक रविवार खालच्या. आत प्रभुभोजनाची भाकर मोडली जाई, ती बाहेर हात जोडून बसे. महाराज आंबेसोंडला आले की तिच्या शेजारी बसत. एकदा महाराज म्हणाले, "माय, राग येतो का?"

"येतो की," ती म्हणाली. "पण घरी जाऊन काढते. इथे बसते ती जेवणाच्या आशेनं."

अशी सहा वर्षं गेली. पुनरुत्थानाचा रविवार होता आणि पाळी खालच्या देवळाची. म्हातारी चार पावलं चालून धापा टाकत होती. उपासनेआधी महाराज दारात पाळकांना गाठून एवढंच म्हणाले, "तिचे रविवार संपत आले आहेत." पाळक आत गेले. मेजापाशी त्यांनी भाकर उचलली, "घ्या, खा" म्हणायला तोंड उघडलं, आणि पायरीवरून तिची धाप ऐकू आली.  पाळक ताट घेऊन मेजापासून निघाले, माणसांच्या मधून दाराबाहेर आले आणि सगळ्या मंडळीदेखत पायरीवर गुडघे टेकून म्हणाले, "पाणी सरकलं होतं. मी खोटं लिहिलं." आणि त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.



"सोळा पावलं आहेत पाळक," ती म्हणाली. "मेजापासून पायरीपर्यंत. मी दर खेपेला मोजायची. वाटायचं, आत्ता निघाले असतील, आत्ता पोचतील."

मग तिने भाकरीचा तुकडा घेतला आणि सावकाश खाल्ला. पाळक महाराजांकडे वळून वाकू लागले, तेव्हा महाराजांनी पाय मागे घेतले. महाराज म्हणाले, "आमच्या पायांवर नको. आमचं काही गेलं नव्हतं."

खरं बोलल्याबद्दल पाळकांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही. जुने साहेब केव्हाच मायदेशी गेले होते, आणि नव्यांनी ती हकिकत ऐकून चहा मागवला. सहा वर्षं ज्याची भीती बाळगली, ते करायला कुणी उरलंच नव्हतं. भागूबाई त्याच आठवड्यात गेली.

पाळकांना सोळा पावलं पडली. भागूबाईला सहा वर्षं.