आखूड झालेलं काडतूस

“…पण उस्ताद, माणूस एका गोळीत थांबायला हवा. तशी गोळी कोणती?”

मौलाली शिकलगारांनी मान वर केली नाही. मिरजेकडच्या त्या गावात त्यांचं तीन पिढ्यांचं, परवान्याचं, बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. समोर बसलेल्या शशिकांत मगदूमला नेम धरायला त्यांनीच शिकवलं होतं. आता त्यांनी ऐंशी ओलांडली होती. कुणाच्या तरी बंदुकीची नळी ते तेलाच्या फडक्यानं पुसत बसले होते.

“हाक मारून बघितलीस?” त्यांनी विचारलं.

शशिकांतला ते झोंबलं. तो काही अडाणी नव्हता. गोल तोंडाची गोळी आरपार जाते, टोकाला खळगा असलेली आत जाऊन फुलते, पण खिशातल्या पिस्तुलात तिला फुलण्याइतका वेग मिळेलच असं नाही… त्यानं सगळं घडाघडा सांगून टाकलं.

“पुष्कळ शिकलास की रे,” उस्ताद म्हणाले. “थांबवायचं कुणाला?”



“दादाला.”

चार वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्यावरून थोरल्या भावानं त्याच्यावर कुऱ्हाड उगारली होती. त्यानंतर शशिकांतनं परवाना काढला. तेव्हापासून हे तळहाताएवढं पिस्तूल त्याच्या खिशात होतं आणि दोघांमध्ये बोलणं बंद होतं. आज सकाळी अचानक दादाचा निरोप आला. चार वाजता घरी ये, पाण्याचं काय ते मिटवू.

“मिटवायलाच बोलावतोय ना?”

“पाणी मिटवतोय का मला, काय माहीत!”

“दाखव ते.”

शशिकांतनं मॅगझिन काढलं, वरचा सरकता भाग मागं ओढून नळीतलं काडतूस बाहेर घेतलं आणि उस्तादांच्या हातावर ठेवलं. त्यांनी डब्यातून एक कोरं काडतूस काढलं. दोन्ही पाटावर शेजारी शेजारी उभी केली.

शशिकांत वाकला. डोळे बारीक करून बघत राहिला.

“माझं आखूड दिसतंय.”

“रोज भरतोस?”

“सकाळी भरतो, रात्री काढतो. घरात पोरं आहेत. दुसऱ्या दिवशी मॅगझिनमध्ये तेच पुन्हा वर ठेवतो.”

“चार वर्षं हेच?”

“हेच. झाडलंय कुठं!”

“दर सकाळी त्याचं डोकं आत आपटतं. शिसं केसभर मागं सरकतं. तेवढीच दारूची जागा कमी होते, ती आत जास्त कोंडते.”

“मग आता मारलं तर?”

उस्तादांनी त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला. करंगळीपासून एकेक बोट हळूच दाबून बघितलं, तान्ह्या मुलाची बोटं बघावीत तसं. “पाचही शाबूत आहेत अजून,” ते म्हणाले.

शशिकांतनं हात मागं घेतला.

“मग कोरं द्या एखादं.”

“देतो की. घाई काय आहे?”

त्यांनी ते आखूड काडतूस आपल्या पकडीत धरून शिसं उपसून काढलं. आतली दारू कागदावर ओतली. वरणात मीठ पडतं, त्याहून कमी.

“एवढीशीच?” शशिकांत म्हणाला.

“एवढीशीच.”

उस्ताद कागद घेऊन अंगणात गेले. दारू फरशीवर ठेवली, काडी ओढली. शशिकांत दोन पावलं मागं सरला आणि त्यानं कानांवर हात ठेवले.

पिवळी ज्योत उठली, जराशी डुलली आणि विझून गेली.

त्यानं हात खाली घेतले. “आवाज झालाच नाही?”

“उघड्यावर कशाला करेल आवाज?”

उस्तादांनी फरशीवरचा काळा डाग पायानं पुसला.

“चार वर्षांत दादानं पुन्हा कुऱ्हाड उचलली?”

“नाही.”

“तू घोडा दाबलास?”

“नाही.”

“मग दोघांनी एकमेकांना चांगलं सांभाळलंत की.”

असा हिशेब शशिकांतनं कधी केलाच नव्हता. तो आत गेला. पाटावर कोरं काडतूस उभं होतं, लख्ख. त्यानं ते बोटानं जरा बाजूला सारलं. मग त्यानं पिस्तूल आणि मॅगझिन त्याच्या शेजारी ठेवून दिलं.

“राहू दे इथं. उद्या नेतो.”

“बरं.”

तो फाटकापर्यंत गेला आणि परत फिरला. एवढा मोठा बाप्या, पण शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखा उंबऱ्यात उभा राहिला.

“उस्ताद, दादाच्या आतल्या खोलीत बसायचंय. आम्ही दोघंच. सुरुवात कशी करू?”

उस्तादांनी नळी पुन्हा मांडीवर घेतली.

“खिडकी उघडायला सांग.”