शिक्का नसलेला मासा

चांदी ठोकणारे कारागीर जेव्हा स्वतःला कलावंत म्हणवू लागले, तेव्हाची ही गोष्ट. कुमुदबाईंच्या कपाटात या कलावंतांचे दागिने मखमलीवर पालथे झोपत, कारण पाठीवर घडवणाऱ्याचा शिक्का असे आणि बाई पाहुण्यांना तेवढाच दाखवत. तिथे एक साडीपिन आली, चांदीचा वाकडा मासा. त्याची पाठ कोरीच होती.

"मेला बेवारशी!" शेजारचं गळ्यात घालायचं पदक फिसकारलं. "तुझं बूड कोण बघणार?"

मासा आपला उताणाच पडून राहिला.

एका लग्नाला निघताना बाईंनी पदक उचललं, "घामाने शिक्का झिजेल गं बाई," म्हणत परत पालथं घातलं आणि मासा पदराला टोचला. मांडवात एका तान्ह्या बाळाने त्याची शेपटी चोखली.

परतल्यावर पदकाने विचारलं, "घराणं विचारलं का कुणी?"

"नाही बुवा. पण नवरी पाहिली, जिलेब्या पाहिल्या. तू शेवटचं काय पाहिलंस?"

पदकाने पुष्कळ आठवून पाहिलं.

"मखमल," ते म्हणालं.