सदोबा हेडमास्तर आणि शाळेचं कुलूप

एका गावात एक भोळा हेडमास्तर होता. नाव सदोबा. त्याच्या आधीचा हेडमास्तर सगळ्यांवर खेकसायचा. शिक्षकांचं कामात मन लागेना, एकेक जण शाळा सोडून गेला. उरले दोघंच, मुक्ताबाई आणि गुरव गुरुजी.

चेअरमन बापूसाहेब म्हणाले, "सदोबा, शिक्षकांच्या पाठीशी उभे राहा. आता एक जरी शिक्षक गेला, तर शाळेला कुलूप लागेल हो!"

सदोबाने तो शब्द मनाशी पक्का धरला. शाळा म्हणजे त्याचा जीव की प्राण.

सकाळी मुक्ताबाई शिकवू लागल्या, तर हा त्यांच्या पाठीशी उभा. बाई फळ्याकडे, हा फळ्याकडे. बाई मागे सरकल्या आणि याच्या अंगठ्यावर पाय पडला. दोघंही किंचाळले. पोरं हसून लोळायची बाकी राहिली.

घरी बायको, भागाबाई, म्हणाली, "अहो, असं मानगुटीवर बसतात होय? जरा मोकळं सोडावं."

"बरं," म्हणाला सदोबा.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या वर्गात परीक्षा. याने दार उघडलं आणि पोरांना मोकळं सोडलं! पोरं थेट चिंचेवर. गुरव गुरुजी दिवसभर झाडाखाली हातवारे करत होते.

भागाबाईने कपाळावर हात मारला. "अहो, पोरं आत असली की दाराला कुलूप लावावं! किल्ली जबाबदार माणसाच्या हातात द्यावी. आणि त्या गुरुजींना किती त्रास झाला! पाठीवर एक शाबासकीची थाप तरी मारा."

"मारतो की!"

तिसऱ्या दिवशी तपासणीला मोठे साहेब आले. साहेब मुक्ताबाईंच्या वर्गात बसले. सगळी पोरंही तिथेच. बाहेर व्हरांड्यात गुरुजी गरम चहा पीत होते. सदोबा मागून गेला आणि मारली की थाप! अख्खा चहा गुरुजींच्या सदऱ्यावर.

आपल्याकडे निघताना माणूस 'येतो' म्हणतो. पण गुरुजींचं डोकं फिरलेलं. "सदरा बदलायला घरी जातो!" असं ओरडत ते तरातरा चालू लागले.

सदोबाने ऐकलं फक्त 'जातो'. त्याचे डोळे भरून आले. "गेला हो, एक शिक्षक गेला!"

आता काय करणार बिचारा? बापूसाहेबांचा शब्द. डोळे पुसत त्याने वर्गाला बाहेरून भलंमोठं कुलूप ठोकलं. मग भागाबाईचं बोलणं आठवलं. गावात साहेबांपेक्षा जबाबदार माणूस कोण? त्याने खिडकीच्या गजांतून किल्ली साहेबांच्या हातात ठेवली, नमस्कार केला आणि निघाला.

आतून साहेब ओरडले, "अहो हेडमास्तर! ही किल्ली घ्या आणि दार उघडा!"

सदोबाने लांबूनच हात जोडले. "नको साहेब, तुमच्याकडेच असू द्या. मी पडलो वेंधळा, कुठेतरी हरवून बसेन."