रावसाहेबांची खिडकी

मिरजेच्या फोटो क्लबचे अध्यक्ष रावसाहेब बेडेकर यांचा सगळा जीव त्यांच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात. त्यात भिंगातून बघायचंच नसतं. वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर बरोबर बसल्या की फोकस झाला. हाताने फोकस करायच्या स्पर्धेत, भिंगातून येणारं चित्र थेट पडद्यावर दाखवणारे मिररलेस कॅमेरे घ्यायचेच नाहीत, असा त्यांनी हट्ट धरला होता.

"पडद्यावर मोठं करून बघणं म्हणजे कुबड्या घेऊन धावणं!"

मिररलेसवाली रेवती मगदूम म्हणाली, "आपण दोघं एकेक फोटो काढू. तुमचा सरस ठरला तर मी नाव मागे घेते."

समोरच सतारी बनवणारे इस्माईलचाचा तारा जुळवत बसले होते. रावसाहेबांनी पिशवीतून कॅमेरा काढला, डोळ्याला लावला, फोकसची कडी फिरवली आणि चुटकीसरशी बटण दाबलं. रेवतीने मात्र चाचांचा डोळा पडद्यावर मोठा केला, पापणीचा केस न् केस दिसेपर्यंत कडी फिरवली आणि मग फोटो घेतला.

"अगं, तेवढ्यात चाचांची आणखी एक सतार झाली असती!" रावसाहेब म्हणाले, तसे सगळे हसले. "माझ्या खिडकीत सगळं लख्ख दिसतं. मला दिसत नाही असं तुझ्या पडद्यावर काय दिसतं, ते तरी सांग."

रेवतीने त्यांच्या कॅमेऱ्याकडे एकवार पाहिलं.

"फारसं काही नाही, रावसाहेब. भिंगावर झाकण राहिलं, तर अंधार दिसतो."

रावसाहेबांचा हात भिंगाकडे गेला. झाकण चांगलं घट्ट बसलेलं होतं.