रंग राखणारा पट्टा

फार पूर्वी, कड्यावरून कुणी घसरलं की जनावरं एकमेकांना वर ओढून काढायची, तेव्हाची गोष्ट. हे काम अस्वलाकडे असे. एकदा त्याच्या पिशवीत कोरा, नारिंगी, जाड विणीचा पट्टा आला. आल्या आल्या म्हणाला, “मला पार तळाशी ठेव. उन्हानं रंग उतरतो माझा.” जुना विटका पट्टा मात्र पिशवीबाहेर, एका हिसक्यात सुटेल असा लटकत असे. त्याला पाहून कोरा नाक मुरडायचा.

एके दिवशी साळिंदर कड्यावरून घसरलं आणि करवंदीच्या फांदीला लोंबकळलं. त्याच्या काट्यांना हात कोण लावणार? “नवा पट्टाच हवा!” म्हणत अस्वल पिशवी उपसू लागलं. घोंगडी निघाली, तवा निघाला, मग भाकरी, कांदे, ठेचा.

“अस्वलदादा, जेवण मागाहून करू!” साळिंदर ओरडलं. फांदी कडकड वाजू लागली.

“अरे, मी बाहेरच आहे की!” जुना पट्टा खेकसला. अस्वलानं त्याला हिसकून खाली सोडलं. साळिंदरानं तो दातांत धरला आणि ते सुखरूप वर आलं.

सगळे भाकरी खायला बसले, तेव्हा कुठे कोरा पट्टा पिशवीतून ऐटीत डोकावला. “बोला, कोण पडलंय?”

“मी पडलो होतो,” घास चावत साळिंदर म्हणालं. “पण रंग काय राखलायस, वा!”